शिशावरची वीण

आम्ही जसजसं खाली खणत गेलो, तसतशा गोळ्या नव्या निघू लागल्या. वरच्या थरातल्या गोळ्यांवर जाड पांढरं पुट होतं, जुन्या शिशावर असतं तसं. त्याखालच्या राखाडी होत्या. त्याच्याही खाली त्या चकचकीत निघाल्या आणि परवा सकाळी निघालेली गोळी कोमट होती. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा मी तिला हात लावून पाहिला.

"उन्हाने तापली असेल," डॉ. तिळवे म्हणाले.

"ती आत्ता मातीतून निघाली, सर. ऊन लागलंच नाही तिला."

"मग तसं लिहा," असं म्हणून ते चहाकडे वळले. तिळवे आमच्या उत्खननाचे प्रमुख. त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. त्यांच्या बायकोने म्हणे या बाबतीत लग्नाच्या वर्षीच हात टेकले.

मी ठासणीच्या बंदुकांच्या गोळ्यांचा अभ्यास करते. बाईमाणसाला हा कसला नाद, असं अजून कुणी ना कुणी विचारतंच. घरकामापेक्षा शांत आहे, असं मी सांगते. हिरडेगावच्या भुईकोटाबाहेर, जिथे एकेकाळी वेढा पडला होता, तिथे आमचा खड्डा होता. शिसं मऊ असतं. गोळी ज्याला लागते त्याची खूण स्वतःवर घेते. दगडाला लागली तर चपटी होते, लाकडाला लागली तर रेषा उमटतात आणि अंगावरच्या कपड्यातून गेली तर कधी कधी त्या कपड्याचा पोतसुद्धा तिच्यावर उतरतो.

या सगळ्या गोळ्या म्हणजे एकच गोळी होती, हे कळायला मला वेळ लागला. वजन तेच, साच्याची तिरपी शिवण तीच, कडेची खोकही तीच. प्रत्येक थरात ती पुन्हा सापडत होती, फक्त वयाने लहान होऊन. तिच्या चपट्या तोंडावर कसला तरी ठसा होता. वरच्या थरांत तो पुसट होता, पण कोमट गोळीवर भिंगाची गरजच पडली नाही. ते विणकऱ्याचं कापड नव्हतं. सुयांवरची वीण होती, एक सुलट, एक उलट, आणि मध्ये एक टाका सुटलेला होता.

तो टाका माझा होता. माझ्या नवऱ्याचा, विद्याधरचा, बिनबाह्यांचा हिरवा स्वेटर मी टीव्हीवर मॅच बघत विणला. विकेट पडली आणि टाकाही पडला. मी उसवायचा कंटाळा केला. तो टाका त्याच्या छातीवर डाव्या बाजूला येतो. "असू दे, हवा खेळती राहील," असं म्हणून तो इतकी वर्षं तोच स्वेटर घालतोय. दुसरा आणला तर कपाटात ठेवून देतो.

मी घाबरले. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या एखाद्या बाईने घरी फोन करून तो स्वेटर जाळून टाकायला सांगितला असता. पण आमच्याकडे ठसा सापडला की आधी नमुना मागवतात, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघतात आणि मग बोलतात. मी फोन केला आणि म्हणाले, "तो हिरवा स्वेटर कुरिअरने पाठव."

"तिकडे थंडी आहे का?" विद्याधरने विचारलं.

"नाही. टाके मोजायचेत."

"बरं," तो म्हणाला. तो कधीच जास्त विचारत नाही. त्याच्या या स्वभावावर माझा फार जीव आहे, आणि त्याच स्वभावाचा त्या क्षणी मला राग आला.

त्यापुढची गोळी हातात धरवत नव्हती. वर माती चाळणाऱ्या हौसाबाईने ती चाळणीतून पदराने उचलून दिली. वीण ताजी होती आणि खोकेत हिरव्या लोकरीचा धागा अडकलेला होता, कडेला जळलेला. मी तशीच तिळव्यांकडे गेले.

"खणणं थांबवा, सर."

"कशासाठी?"

"प्रत्येक थरात ती लहान होतेय. आणखी खाली गेलो तर ती अजून कुणाला लागलेलीच नसेल."

तिळव्यांनी धागा उजेडात धरून पाहिला. "चांगला टिकलाय," ते म्हणाले. "पण नैसर्गिक माती लागेपर्यंत थांबता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

नको होतं. माणसाचा हात न लागलेली माती येईपर्यंत खणायचं, अर्धवट खड्डा म्हणजे वाया गेलेला खड्डा, हे मीच विद्यार्थ्यांना डोळे वटारून शिकवत आले आहे. मी बाहेर येऊन पुन्हा फोन लावला. स्वेटर पाठवू नकोस, उसवून टाक, एवढंच सांगायचं होतं. फोन वाजत राहिला.

खड्डा आता खाली अरुंद होत चालला होता. टेप लावला की बाजू आधीइतक्याच भरत, पण आत उभं राहिलं की खांदे दोन्हीकडे घासत. वर आभाळ परातीएवढं उरलं होतं. कामगार हळू आवाजात बोलू लागले होते, आणि का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आत एका वेळी दोघांपुरतीच जागा राहिली, म्हणून मीच उतरून खुरप्याने माती खरवडत होते आणि बादली दोराने वर हौसाबाईकडे पाठवत होते. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात ते खुरपं मला नको होतं.

दुपारी शिडी हलली. विद्याधर उतरत होता.

"कुरिअरवाला उद्या ये म्हणाला," तो म्हणाला. "म्हटलं आपणच जावं. एसटीची खिडकी लागत नव्हती, गारठा होता, म्हणून अंगात घातला."

"काढ तो. आत्ता."

त्याने हात वर करून स्वेटर ओढला. स्वेटर डोक्यावरून निघत गेला आणि खालून आणखी येत राहिला. बराच वेळ तो ओढत होता. वीण संपेना. शेवटी त्याचे हात दुखले आणि तो म्हणाला, "राहू दे, वैजू. संध्याकाळी बघू."

"मग वर चल."

पण वरून तिळवे कॅमेरा घेऊन वाकले होते. फोटोत शिडी येते म्हणून त्यांनी ती आधीच ओढून घेतली होती. दोष कुणाला द्यायचा? फोटो काढताना आम्ही नेहमी शिडी काढतोच.

"नमस्कार! बरं झालं तुम्ही आलात," तिळवे विद्याधरला म्हणाले. "मोजपट्टी आत मावत नाहीये. जरा भिंतीला पाठ लावून उभे राहता का? खोलीचा अंदाज येतो."

विद्याधर भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. लग्नाच्या फोटोत राहिला होता तसा, श्वास रोखून. कुणी काही सांगितलं की त्याला नाही म्हणता येत नाही.

त्याच्या समोरच्या भिंतीतून थोडी माती सांडली. तिथे अंगठ्याएवढं गोल भोक पडलं होतं, छातीच्या उंचीवर. आतून गरम वारा येत होता आणि जळत्या सुती दोराचा वास येत होता. बंदुकीला बत्ती द्यायचा तोडा पेटवला की येतो तोच वास.

"बाजूला सरक," मी म्हणाले.

तो अर्धं पाऊल सरकला. भोकही तेवढंच सरकलं.

"पुन्हा सरक."

तो पुन्हा सरकला आणि कोपऱ्याला टेकला. भोक त्याच्यासमोर येऊन थांबलं. मी पुढे होऊन त्यावर तळहात दाबून धरला.

"मॅडम, हात काढा," वरून तिळवे म्हणाले. "फोटोत येतोय."

"काय झालं गं?" विद्याधरने विचारलं. त्याने अजून मान हलवली नव्हती.

"काही नाही. मला तू हवा आहेस," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे कधी म्हटलं नव्हतं. तो गोंधळला आणि त्याने कसंनुसं हसून कॅमेऱ्याकडे पाहिलं. माझ्या हाताखालची माती तापत होती.

वर चाळणीत काहीतरी टणकन वाजलं. थोड्या वेळाने खड्ड्याच्या काठावर हौसाबाईचं डोकं दिसलं.

"बाई, गोळी घावली," ती म्हणाली. "पर हिच्यावर येगळंच हाय. हाताच्या रेघा उठल्यात."

मी हात काढला नाही. नुसत्या रेघा असतील तर गोळी माझ्या हातातच थांबली होती. "त्या रेघांवर वीण आहे का, हौसाबाई? नीट बघा. लोकरीची वीण आहे का?"

"थांबा, माती लागलीया," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाला थुंकी लावून गोळी पुसू लागली.