दहा कोटी एक

शाळेत गणित शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्याच वर्षांचा तोरा अंगात मुरला होता. दर सोमवारी जिन्याजवळच्या फळ्यावर मी एक मोठी संख्या लिहायचो, खाली तिचा गुणधर्म. त्या सोमवारी लिहिलं: १०,००,००,००१. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेही भाग जात नाही.

तीन, सात, अकरा, तेरा लावून पाहिले होते. पुढे कंटाळा केला.

मधल्या सुट्टीत शिवणाच्या बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. हातात कटिंगच्या कागदाचा तुकडा.

"सर, ती संख्या सतराने जातेय बहुतेक."

मी चहाच्या कपातून मानही वर काढली नाही. "बाई, हे ब्लाउजचं माप नाही. इथे टेप चालत नाही."

खोली खदखदून हसली. बाईही कसनुसं हसल्या आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

पुढचा तास मला मोकळा होता. सहज सतराने भाग देऊन पाहिला. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न, बाकी शून्य. कान तापले. पुन्हा केला, पुन्हा शून्य.

तेव्हाच उठून बाईंकडे जाता आलं असतं. मी फळ्याकडे गेलो. लिहिलं, "चूक मुद्दाम केली होती. कुणी ओळखली? १७ × ५८,८२,३५३." खाली स्वतःची सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. शिवणाच्या बाईंनीही वाजवल्या. नंतर जिन्यात म्हणाल्या, "मला वाटलंच सर, तुमची चूक कशी होईल? मी उगाच मध्ये बोलले."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या मनापासून बोलत होत्या.

"तुम्ही शोधलंत कसं?" मी विचारलं.

"मुली काजं करत बसतात ना, तेव्हा मी भागाकार करते. नाद आहे आपला. आणि सतरापर्यंतच तर जायचं होतं."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग मला काय सांगताय?" एवढंच म्हणाली.

शुक्रवारच्या बैठकीत उभा राहिलो. चूक खरी होती, ती बाईंनी पकडली, मी त्यांची टिंगल केली आणि वर खोटं लिहिलं, असं सांगून टाकलं. कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने परीक्षेचं वेळापत्रक काढलं.

बाहेर पडताना बाईंना गाठलं. "चुकलो मी."

"हो," त्या म्हणाल्या, आणि किल्ल्या घेऊन शिवणाच्या वर्गाकडे गेल्या.

आजही माझ्याशी नीट बोलतात. हवापाण्याचं, रजेचं, पोरांच्या गुणांचं. संख्येबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. आणि विचारायला माझी जीभ रेटत नाही.