वहीत नसलेली गोळी

प्रश्न १. मनाला न पटणारं काम गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा करावं लागलं? कधीच नाही: शून्य. रोज: चार.

विभागात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरल्या म्हणजे प्रमुख परिचारिका, सगळ्यांच्या ताई. विस्मरण झालेली अठरा माणसं आणि दुपारच्या पाळीला ह्या दोघी नि एक मावशी. कागद वाटून गेलेल्या संशोधक बाईंनी बजावलं होतं, नाव लिहू नका. खाली मात्र विभाग, पाळी आणि नोकरीची वर्षं विचारली होती.

"अकरा वर्षं म्हटलं की तूच," ताई म्हणाल्या. "मनाचं वजन करायला निघाल्यात! काटा तरी आणायचा. शून्य लिही नि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

धाकटीचं पेन चारच्या चौकटीवर थांबलं.

चार, ते शिंपीणबाईंमुळे. जन्मभर कपडे शिवलेली ती म्हातारी जेवण झालं की दार ठोठावायची, "सोडा गं, गिऱ्हाईक खोळंबलंय." डॉक्टरांनी झोपेची एक गोळी दिली होती, निजताना. दुपारची ताईंनी सुरू केली. केळ्यात कुस्करून, गुपचूप. डॉक्टरांनी लिहिलेली नाही, म्हणून औषधांच्या वहीतही नाही. तीन आठवडे झाले. वॉर्ड कसा शांत.

तिने शून्य लिहिलं.

प्रश्न २. त्याचा त्रास किती झाला?

तिथेही शून्य. पान न उलटताच कागद ताईंच्या हातात दिला, वाटीत केळ्यात गोळी कुस्करली आणि शिंपीणबाईंना भरवलं. म्हातारी अर्धवट झोपेतच गिळत होती. आज बरं खातेय, धाकटीला वाटलं.

अर्ध्या तासाने मावशी चादरी घेऊन आली. रिकामी वाटी बघून तिथेच थबकली.

"तू भरवलंस? अगं, मी मघाशीच भरवलं! तू कागदात डोकं घालून बसलेलीस, म्हटलं तेवढाच हातभार."

"गोळीसकट?"

"गोळीशिवाय कधी भरवलंय का आपण?"

वहीत असती तर खूण दिसली असती. धाकटीने म्हातारीच्या छातीवर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला नऊ श्वास. हाक मारली, चिमटा काढला. पापणी हलली नाही.

प्रश्न ७. चूक दिसत असूनही तुम्ही किती वेळा गप्प राहिलात? (पानाच्या मागच्या बाजूला. तिने वाचला नव्हता.)

"ताई, डॉक्टरांना फोन लावतेय."

"लाव. ग्लानी आलीय म्हण."

"काय दिलं ते विचारतील."

"वहीत आहे तेवढं सांग." ताई पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी मायेचा. "अकरा वर्षं, बाळा. आणि भरवणारे हात तुझे, माझे नाहीत."

मावशीने चादरी छातीशी धरल्या.

पलीकडून डॉक्टरांनी विचारलंच. समोर म्हातारीचे ओठ निळसर होऊ लागले होते.

"दोन गोळ्या. दुपारच्या. एक मावशीने दिली, एक मी. लिहून कुणीच दिलेल्या नाहीत. तीन आठवडे चाललंय."

"कुशीवर वळवा. ऑक्सिजन लावा. गाडी पाठवतो. श्वास मोजत राहा."

ऑक्सिजनचं सिलिंडर बाहेर होतं. "बाहेर कुणाला कळायला नको," म्हणत ताईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. धाकटीने मावशीला खुणेनेच जवळ बोलावलं. दोघींनी म्हातारीला कुशीवर वळवलं.

आठ.

सात.