उलटे लावलेले पान

मित्रांनो, टेबलाच्या तिसऱ्या खणात, वाळलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी, लाकडी मुठीचा एक जुना शिक्का पडून आहे. तो मी. माझ्या रबरावर दोनच शब्द कोरलेले आहेत : ‘साभार परत’. तेवढ्यावर माझी सव्वीस वर्षांची नोकरी झाली.

एका शिक्के करणाऱ्याने मला अर्ध्या दिवसात घडवले. त्याच दुकानात माझ्याबरोबर ‘मंजूर’, ‘तातडीचे’ असे भाऊबंद तयार होत होते. मी एका वाङ्मयीन मासिकाच्या कचेरीत आलो. खोली एकच, टेबले तीन. खिडकीजवळ संपादक, दाराजवळ टपाल पाहणाऱ्या बाई आणि मध्ये मुद्रिते तपासणारे काका. काकांना दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार मिळे, आणि ते काम ते घरीही फुकट करतात, असे बाई म्हणत.

रोज पंधरा-वीस पाकिटे येत. प्रत्येकात कविता, वर एक पत्र, आणि परतीसाठी कवीने स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेले दुसरे पाकीट. संपादकांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या कवितेच्या कागदावर ते पेन्सिलीचा ठिपकाही काढत नसत, कारण तोच कागद कवीला पुढे दुसरीकडे पाठवता यायला हवा. म्हणून कविता परत करायची असेल, तर ते तिचे शेवटचे पान डोके खाली करून लावत. बाई ते पान पाहत, वरच्या पत्रावर मला उमटवत, पान पुन्हा सरळ करत आणि पाकीट बंद करत. त्यामुळे कविता माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. मी फक्त पत्रे पाहिली.

ती पत्रे लिहिणाऱ्यांत दवाखान्यातली एक नर्स होती. तिची पत्रे दोन ओळींची असत. बाराव्या वेळी मात्र पत्र लांब आले. बाईंनी ते काकांना वाचून दाखवले.

‘ही कविता माझ्या बाबांवर आहे. ते छापलेले सारे मोठ्याने वाचतात, औषधाच्या खोक्यावरचेही. तुमचा अंक तर पहिल्या पानापासून. त्यांच्याविषयी जे वाटते ते समोर बसून सांगायला मला जमत नाही. छापून आले, तर ते आपणहून वाचतील. हल्ली त्यांची दृष्टी कमी होत चालली आहे.’

काका म्हणाले, “बाई, हे पत्रच छापा. कविता राहू दे.”

“तुम्ही छापणार असाल तर तुमच्या चुकाही मीच तपासते,” बाई म्हणाल्या आणि पाकीट संपादकांच्या टेबलावर ठेवून आल्या.

संपादक त्याच आठवड्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले. टेबलावर वाचलेले आणि न वाचलेले गठ्ठे एकमेकांत मिसळले. शुक्रवारी बाईंनी आवराआवर काढली. नर्सच्या कवितेचे शेवटचे पान उलटे दिसले. बाई म्हणाल्या, “बिचारी. हिलाही नाहीच म्हणाले.” त्यांनी मला शाईच्या गादीवर दाबले आणि पत्रावर उमटवले. दुपारचे टपाल निघायला दहा मिनिटे होती. घाईत पान सरळ करायचे राहून गेले.

दहा दिवसांनी नर्सचे कार्ड आले. संपादकांनी ते उभ्यानेच वाचले आणि मग बाईंच्या टेबलावर ठेवले.

‘तुम्ही वाचत नाही, असे माझा मेहुणा नेहमी म्हणे. मी त्याच्याशी भांडत असे. या वेळी त्याच्या सांगण्यावरून शेवटचे पान मुद्दाम उलटे लावले. वाचणारा ते सरळ करेल, असे वाटले होते. ते उलटेच परत आले. यापुढे त्रास देणार नाही.’

“बाई, ही कविता मी पाहिलेलीच नाही.”

“अहो, पान उलटं होतं. उलटं म्हणजे परत, ही तुमचीच रीत ना?”

“माझीच,” संपादक म्हणाले.

काकांनी चष्मा काढून पुसला.

बाईंनी पान सरळ केले असते, तर आमची चूक आम्हाला कधीच कळली नसती, आणि तिला वाटले असते की वाचूनच परत केली. त्या विचाराने मला जास्त त्रास होतो. अशी आणखी किती पाकिटे गेली असतील?

संपादकांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले : चूक आमची आहे, कविता पुन्हा पाठवा, मी वाट पाहतो. तीन आठवडे ते रोज टपालाच्या वेळी दाराशी येत. मग उत्तर आले.

‘कविता मी त्याच दिवशी फाडली. दुसरी प्रत नव्हती. तुमचे पत्र आल्यावर पुन्हा लिहून पाहिली, पण तशी जमली नाही. बाबा तुमचा अंक अजून वाचतात, भिंग लावून, मोठ्याने. तुमचे पत्र मात्र मी त्यांना दाखवलेले नाही.’

ती कविता चांगली होती की वाईट, हे कुणीच सांगू शकणार नाही. तिने पुन्हा काही पाठवले नाही. संपादकांनी रीत बदलली. परतीच्या कवितांसाठी वेगळी पेटी केली. माझे काम चालूच राहिले. पुढे कविता संगणकावर येऊ लागल्या, बाई निवृत्त झाल्या आणि मी खणात गेलो. रबराला चिरा पडल्या आहेत. त्याची मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, कुणी आपले लिहिलेले तुमच्या हाती दिले, तर आवडले नाही असे खुशाल सांगा. नकार मी आयुष्यभर दिला, त्याने कुणी मरत नाही. पण आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर पाठवण्यापूर्वी एक प्रत घरी ठेवा. आमच्यासारख्यांच्या भरवशावर एकुलता एक कागद सोडू नका.