घसरगुंडीवरचा रामजन्म

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात डॉ. माधव रिसबूडांना लहानथोर सगळे डॉक्टरबुवा म्हणतात. डॉक्टर, कारण रिटायर होईपर्यंत त्यांनी जन्मभर बायकांची बाळंतपणं केली. आणि बुवा, कारण जिवाला दुसरा नाद एकच, कीर्तनाचा. गळ्यात उपरणं, हातात झांज, आणि समोर चार माणसं बसलेली दिसली की डॉक्टरबुवा उभे राहिलेच म्हणून समजा.

एरवी त्यांचं कीर्तन वेळेवर संपल्याचं कुणाला आठवत नाही. पूर्वरंगातल्या निरूपणातच ऐकणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात. पण रामनवमीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी बुवा आख्यान असं बांधत आणतात, की भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे बारावर जुळले की त्याच क्षणी राम जन्मलाच पाहिजे. टोपडं घातलेला नारळ पाळण्यात जातो, गुलाल उधळला जातो, सुंठवडा वाटला जातो. चाळीस वर्षांत बाराच्या या नेमात खंड नाही. एकदा तर ड्यूटीवर असताना त्यांनी इस्पितळाच्या कार पार्कात, गाडीच्या बॉनेटवर पाळणा ठेवून रामजन्म उरकला होता, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी हात धुऊन पुन्हा लेबर वॉर्डात.

या वर्षी रामनवमी आली बुधवारी. मंडळाच्या सेक्रेटरी अलकाताईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांच्या सोयीसाठी रामजन्म शनिवारी सायंकाळी साडेपाचला. नंतर पॉटलक, प्रत्येकानं एक पदार्थ आणावा.’

बुवांनी थेट फोनच लावला. “अलकाताई, रामाचा जन्म म्हणजे काय कौन्सिलचं कचऱ्याचं बिन कलेक्शन आहे? बँक हॉलिडे आला, ढकला पुढे?”

“अहो बुवा, बुधवारी दुपारी येणार कोण? तुम्ही, मी आणि हॉलचा केअरटेकर.”

“राम कुणासाठी थांबत नाही! मी बुधवारी बारा वाजता जन्म करणार. जिथे असेन तिथे.”

“करा की,” अलकाताई शांतपणे म्हणाल्या. “व्हिडिओ टाका ग्रुपवर. बरोब्बर बाराचा. आम्ही सगळे हात जोडून बसतो.”

झालं. शब्द गेला. आणि फोन ठेवल्यावर बुवांच्या लक्षात आलं, की ‘जिथे असेन तिथे’ म्हणजे स्कॉटलंड. लेकीनं, उल्कानं, ईस्टरच्या सुट्टीत अख्ख्या कुटुंबासाठी केर्नगॉर्मच्या डोंगरात कॉटेज घेतलं होतं.

*

जावई अंशुमन आयटीतला. त्यानं सुट्टीचं असं काही प्लॅनिंग केलं होतं, की देवानं सृष्टीसुद्धा एवढ्या शिस्तीत घडवली नसेल. सोमवारी रेनडिअर, मंगळवारी तळ्यात कनूची होडी, बुधवारी स्कीइंग. नऊ वर्षांच्या वरदाचा स्कीचा क्लास सकाळी साडेनऊला, अकराला गाडीत, साडेअकराला कॉटेजवर, बाराला रामजन्म.

“बफर पण ठेवलाय, बाबा,” तो म्हणाला.

“मग मी कॉटेजवरच थांबतो. तयारी करतो.”

“नाही!” वरदा ओरडली. “आजोबा, तुम्ही यायलाच पाहिजे. आज मी टॉपवरून खाली येणार. एकटा.”

“एकटी,” उल्का म्हणाली.

“तेच.”

नातीपुढे कुणाचं चालतं? बुवा निघाले. पण परत आल्यावर कपडे बदलण्यात वेळ नको, म्हणून त्यांनी धोतर नेसलं आणि त्यावर अंशुमनचा जुना स्कीसूट चढवला, डोक्याला हेल्मेट. नऊवारी लांबीचं ते सगळं कापड आत कोंबल्यावर बुवा असे काही फुगले, की उल्का म्हणाली, “बाबा, तुम्ही पडलात तरी तुम्हाला लागणार नाही.” पाठीवरच्या सॅकमध्ये झांज, गुलाल, सुंठवडा आणि टोपडं घातलेला नारळ.

“तो तरी गाडीत ठेवा ना.”

“रामाला? गाडीत? एकट्याला?”

*

वसंतातला बर्फ ही एक अजब चीज आहे. सकाळी तो काचेसारखा, आणि दुपारी भिजलेल्या साबुदाण्यासारखा. मधले थोडे तास काय तो माणसांत असतो. त्या बुधवारी थंडी जास्त पडलेली. स्की शिकवणारी मोराग, लाल गालांची, खणखणीत आवाजाची बाई, पोरांना म्हणाली, “फार कडक आहे रे बाळांनो. ऊन लागू दे. क्लास अकराला.”

अंशुमनचा बफर तिथेच वितळला.

बुवा खाली कॅफेच्या कट्ट्यावर येरझारा घालू लागले. चारी बाजूंना डोंगर, त्यांवर बर्फाचे पांढरे पट्टे, मधूनमधून काळपट झुडपं. वर लख्ख निळं आभाळ. एखादा भाविक माणूस हात जोडून उभा राहिला असता. बुवाही भाविकच, पण त्यांचं लक्ष मनगटावर.

क्लास सुरू झाला. पोरं सरकत्या पट्ट्यावर उभी राहून उताराच्या माथ्यावर जात आणि एकेक करून खाली येत. एक आला, दुसरी आली, तिसरा पार्श्वभागावर आला. सगळे आले. वरदा आली नाही. ती माथ्यावर, आखलेल्या वाटेच्या कडेला, बर्फात बसून राहिली होती.

“वरदा! कमॉन, बेटा!” उल्का खालून ओरडली. “आजोबांचं कीर्तन आहे! लेट होतंय!”

वरून बारीक आवाज आला, “मला नाही यायचं!”

“बाबा, तुम्ही निघा,” अंशुमन म्हणाला. “मी तुम्हाला सोडतो आणि परत येतो. आत्ता निघालो तर आपण बाराला दोन कमी असताना पोचतो.”

बुवांनी गाडीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. उल्का पुन्हा हाका मारत होती, “वरदा, क्विक! टाइम बघ!” आणि प्रत्येक हाकेला ती चिमणी आणखी बर्फात रुतत होती.

आता बघा हं, लेबर वॉर्डात जन्म काढलेल्या माणसाला एक आवाज ओळखता येतो. कुणीतरी कुणाला तरी अवेळी घाई करतंय, तो आवाज. किती बाप त्यांच्यासमोर मनगट पुढे करून उभे राहिले होते, ‘डॉक्टर, अजून किती?’ आणि बुवांचं उत्तर ठरलेलं, ‘बाळाला घड्याळ दाखवू नका. ते आपल्या वेळेनं येतं.’

“उल्का, ओरडू नकोस,” बुवा म्हणाले. “मी जातो वर.”

“अहो बाबा, आणि बारा?”

सॅक सावरत बुवा सरकत्या पट्ट्यावर चढले. फुगलेला स्कीसूट, सूटच्या पायातून सुटलेला धोतराचा सोगा वाऱ्यावर फडफडतोय, असे डॉक्टरबुवा पांढऱ्याशुभ्र उतारावरून आपोआप वर वर जाऊ लागले. खालचा एक स्कॉटिश पोरगा आईला म्हणाला, “मम्मी, हा स्वर्गात चाललाय का?”

*

वरदाशेजारी बुवा धप्पकन बसले. ती रडत होती.

“माझा बूट टाइट झाली. आणि खाली बघितलं की सगळा डोंगर हलते.”

“हलतो खरा. मलाही दिसतोय.”

“तुम्ही मला चल म्हणणार?”

“छे. मी नुसता बसायला आलोय.”

ती बसली, तेही बसले. बुवांनी सॅकमधून सुंठवड्याची डबी काढली, एक चिमूट तिला दिली, एक आपण घेतली. थोड्या वेळानं खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर अलकाताई. ‘बुवा, बारा वाजले. सगळे वाट बघताहेत.’ मेसेजखाली सोळा जणांचे जोडलेल्या हातांचे इमोजी.

बुवांनी फोन उपडा ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बारा वाजले आणि राम जन्मला नाही. त्यांनी सुंठवड्याच्या डबीला झाकण लावून टाकलं.

“आजोबा, तुम्ही सॅड झालात?”

“रामजन्माची वेळ गेली गं. भर माध्यान्ही जन्मतो तो. सूर्य डोक्यावर असताना.”

वरदानं नाक पुसलं. आपली स्कीची काठी बर्फात उभी रोवली. तिची सावली बर्फावर निळीशार पडली. सावलीच्या टोकाशी तिनं हातमोजा ठेवला.

“हे काय?”

“शाळेत केलं आम्ही. सावली सगळ्यात छोटी, तेव्हा नून. वेट.”

ती वाट बघू लागली. रडणं केव्हाच थांबलं होतं. खालून उल्का हातवारे करत होती, बुवा तिला हातानंच ‘थांब’ म्हणत होते. बऱ्याच वेळानं वरदानं बोट दाखवलं. सावलीचं टोक हातमोजा सोडून काठीकडे सरकलं होतं.

“बघा. सावली अजून छोटा होतोय. म्हणजे सूर्य अजून वर जातोय. नून नाही झाला.”

“अगं पण घड्याळात...”

“घड्याळ एक तास पुढे केलं ना आपण! समरचा! सूर्यानं कुठे केलं? सूर्याचा नून एक वाजल्यानंतर येते.”

बुवा तिच्याकडे बघत राहिले. मग काठीकडे. मग आकाशाकडे. आणि मग चाळीस वर्षांच्या रामनवम्या त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेल्या. बहुतेक सगळ्या मार्चअखेर इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केल्यानंतरच्या. कार पार्क, कम्युनिटी हॉल, शाळेचं जिम, काट्याला काटा जुळवून मारलेली ती एकेक ललकारी.

“म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “चाळीस वर्षं मी दशरथाच्या घरी प्रीमॅच्युअर डिलिव्हरी करत आलो?”

आणि डॉक्टरबुवा हसू लागले. हसता हसता मागे पडले, आणि धोतराच्या त्या गादीमुळे त्यांना खरोखरच काही लागलं नाही.

*

उरलेला वेळ कीर्तनाला अगदी पुरेसा होता. बुवांनी स्कीसूटची चेन उघडली, उपरणं बाहेर काढलं, हेल्मेट पगडीसारखं जरा मागे सारलं आणि झांजेचा पहिला ठोका दिला. डोंगरानं तो परत दिला. उल्का धापा टाकत वर आली, मागून फोन उंच धरून अंशुमन. मोराग तिचा क्लास घेऊन तिथेच टेकली.

निरूपण इंग्रजीत झालं, आणि विषय समोरच होता. बुवा म्हणाले, “या उतारावर आपण सगळेच पडतो. न पडणारा अजून जन्माला यायचाय. मोराग तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवते? उभं राहायला? नाही. कसं पडायचं आणि कसं उठायचं. माझे गुरूही तेच शिकवायचे, फक्त त्यांच्याकडे स्की नव्हत्या.” मोराग तिकडच्या बोलीत म्हणाली, “आय्, खरंय.”

पाळणा नव्हता. मोरागनं लाल प्लास्टिकची घसरगाडी दिली, दोरीसकट. तीत टोपडं घातलेला राम ठेवला, वरदाच्या मफलरमध्ये गुंडाळून. दोरी वरदाच्या हातात. अयोध्येत राजा अस्वस्थ, दासींची धावपळ, आत कौसल्या. बुवांना तो वॉर्ड चांगला ठाऊक होता.

“काय गं वरदा, सावली?”

“अजून थोडी... अजून... थांबला! आता थांबला!”

“बोला, सियावर रामचंद्र की जय!”

बुवांनी गुलाल उधळला. अंशुमननं दुसरी मूठ उधळली. आणि वरदानं आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले.

दोरी सुटली.

लाल घसरगाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग प्रभू रामचंद्र मफलर फडकावत निघाले उताराला.

“राम!” वरदा किंचाळली, आणि निघाली.

तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. स्कीची टोकं आत वळवलेली, गुडघे वाकलेले, एक काठी वरच राहिलेली. “बाळा, थांब! अरे थांब ना!” असं ओरडत ती पोर माथ्यावरून थेट खालपर्यंत एकटी गेली, एकदाही न पडता. तळाशी कापडी कुंपणाला टेकलेल्या गाडीतून तिनं राम उचलला आणि डोक्यावर धरला. टोपडं जाग्यावर होतं. सगळा उतार टाळ्या वाजवत होता. मोराग सगळ्यांत जोरात.

इकडे माथ्यावर पांढऱ्या बर्फावर भलामोठा लाल सडा पडलेला. तो लांबून दिसल्यावर पिवळ्या जॅकेटातला गस्तीवाला स्ट्रेचर घेऊन धावत आला. “कुणाला लागलंय?”

“नाही नाही,” उल्का गडबडीत म्हणाली, “बाळ झालंय.”

तो पांढराफटक पडला. “इथे? डॉक्टर आहे का?”

“मीच,” गुलालानं माखलेले बुवा म्हणाले आणि त्याच्या तळहातावर सुंठवडा ठेवला. “सुखरूप आहे. तोंड गोड करा.”

त्यानं खाल्लं, ठसकला, आणि आणखी मागितलं.

*

परतताना गाडीत बुवांनी अलकाताईंना फोन लावला. मांडीवर राम, खांद्यावर गाढ झोपलेली वरदा.

“व्हिडिओ बघितला, बुवा,” अलकाताईंच्या आवाजात गुदगुल्या होत्या. “घड्याळात सव्वा वाजून गेला होता हो. राम कुणासाठी थांबत नाही ना?”

“अलकाताई, मी तुमच्यावर उगाच ओरडलो. शनिवारी साडेपाचला येतो. मीच कीर्तन करतो.”

“आणि बुधवारचं काय झालं नेमकं?”

“काही नाही. पूर्ण दिवस भरले आणि नॉर्मल डिलिव्हरी झाली. पहिल्यांदाच.”

“बरं, मग पुढच्या वर्षीच्या हॉलचं बुकिंग आत्ताच करायचंय. किती वाजताचं करू?”

बुवांनी खांद्यावरच्या डोक्यावरून अलगद हात फिरवला. केसांत अजून गुलाल होता.

“हॉल अख्ख्या दिवसाचा घ्या,” ते म्हणाले. “ते आपल्या वेळेनं येतं.”