जाळीच्या दोन्ही बाजू

सुनेनं कोंबड्यांच्या पायाखालचं तूस मुठीत दाबलं. ओलाकिच्च गोळा झाला. जाळीच्या अलीकडे तेच, पलीकडेही तेच.

"झालं समाधान?" सासरे दारातून म्हणाले.

मका मिळेना म्हणून तिनं खाद्यात गहू वाढवला होता. गव्हाचा चिकटपणा पक्ष्यांना पचेना. विष्ठा पातळ, तूस ओलं, पायांना फोड. त्यावर उतारा म्हणून तिनं एन्झाइमची पावडर आणली, शेडच्या मधोमध जाळी बांधली आणि एकाच बाजूच्या खाद्यात ती घालायची ठरवली. तीन आठवडे झाले, फरक शून्य. नाकापेक्षा मोती जड झालाय, शेड बंद करू, असं सासऱ्यांनी ऐकवलं.

पण ही बाई हात टेकणाऱ्यातली नव्हती. दोन दिवस ती नुसती बघत राहिली, आणि मेख सापडली. खाद्य कालवताना सासरे त्यावर उकळतं पाणी ओतत. चाळीस वर्षांची सवय! त्या पाण्यात पावडरीचा जीवच जात होता. तिनं त्यांना बोल लावला नाही. पाणी गार घ्या, एवढंच म्हणाली, नवं तूस पसरलं आणि आणखी तीन आठवडे मागून घेतले.

"दोन बाजूंत फरक दिसला तर शेड तुझी," सासऱ्यांनी बजावलं. "नाही तर कुलूप. मागून रडायचं नाही."

खाद्य कालवायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं.

एकविसाव्या दिवशी ती पावडरीच्या बाजूला वाकली. तूस बोटांतून भुरभुरत खाली पडलं. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं जाळी ओलांडून पलीकडचं उचललं. तेही कोरडं ठणठणीत. एवढा आटापिटा केला, आणि फरक नाहीच.

ती तशीच खाद्याच्या खोलीत गेली. निम्मा उरायला हवा होता तो पावडरीचा डबा तळाला गेला होता. शेजारी सासरे बादलीत कोपर बुडवून पाणी गार आहे का, ते बघत होते.

"बाबा, पावडर संपली कशी?"

त्यांनी कोपर पुसलं.

"आठव्या दिवसापासून दोन्हीकडे घालतोय. अलीकडचे कोरड्या पायांनी हिंडायला लागले. पलीकडच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

"मग आपलं ठरलं होतं त्याचं काय?"

"फरक दिसला नाही. हरलीस तू," ते म्हणाले आणि डबा तिच्या हातात दिला. "बाजारातून येताना असे दोन आण."