वर्नाच्या डोहाची साफसफाई

प्रत्येक घरात एक पसरणारा असतो आणि एक आवरणारा. तुमच्याही घरात असेल, उगाच नाही म्हणू नका. आमच्या हार्टझेलव्हिल गावात ब्रुबेकरांच्या घरात पसरणारी वर्ना आणि आवरणारा तिचा नवरा लॉइड.

वर्ना जेवणाच्या टेबलावर गळाला लावायच्या खोट्या माशा बांधते. कोंबड्याची पिसं, हरणाचे केस, सशाची लव, रेशमी दोरे, असा सगळा संसार मांडून बसायचं आणि चिमटीतही न सापडणाऱ्या इवल्या आकड्यावर अशी माशी बांधायची, की खऱ्या माशीनेही तिला आपली बहीण समजावं. ट्राउट मासा फसतो तो ह्यालाच. पण ती पिसं उडतात, लोण्यात पडतात, कॉफीत पडतात. लॉइड व्हॅक्यूमची नळी घेऊन तिच्या मागे मागे. एकदा त्या नळीने वर्नाची ताजी बांधलेली माशी गिळली आणि आकड्याने नळी फाडली. आता ह्यात चूक कुणाची, ह्यावरून दोघं आठवडाभर भांडत होते. आम्ही शेजारी मजेत ऐकत होतो.

लॉइडला नावं ठेवायची नाहीत मला. जन्मभर त्याने गावच्या शाळेची देखभाल केली. तिथल्या व्यायामशाळेच्या फरशीत मुलांना स्वतःचं तोंड दिसायचं. निवृत्त झाला, पण हात स्वस्थ बसेनात. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हातोडीची आकृती काढून ठेवलेली, म्हणजे हातोडी भलत्या खिळ्यावर जायला नको. आणि आमच्या टॅनरी रन नदीचं जे काही भलं झालं ते ह्याच माणसाने केलं, हेही सांगायलाच हवं. एके काळी गावातला जुना टायर, मोडकं वॉशिंग मशीन, गळकं छप्पर, सगळ्याला एकच पत्ता होता, नदी. लॉइडने दरवर्षी जून महिन्यात नदी-सफाई सुरू केली. पहिल्या वर्षी तो आणि वर्ना, दोघंच होते. आता गावातली अर्धी माणसं येतात.

गंमत म्हणजे लॉइड स्वतः मासे धरत नाही. दोन तास गार पाण्यात उभं राहायचं, मासा धरायचा आणि परत सोडून द्यायचा, ह्यात काय अर्थ आहे, असं तो म्हणतो. मासे धरणारी वर्ना. आमच्या अख्ख्या तालुक्यात तिच्यासारखा गळाचा दोर कुणी फेकत नाही. झुडपांच्या दोन फांद्यांमधून ती माशी अशी अलगद पाण्यावर ठेवते, की बघणाऱ्याने श्वास धरावा.

पण तिचा खुबा झिजला. आधी पुलाखालचा डोह सुटला, मग गिरणीमागचा, मग वरच्या अंगाचे सगळेच. गुळगुळीत दगडांवरून चालणं संपलं. उरला फक्त घरामागचा डोह. परसातून उतारावर चार पावलं गेलं की आलाच. तिथे एक जुना हेमलॉक वृक्ष वाऱ्याने उन्मळून पाण्यात आडवा पडला होता. काठची झुडपं वाकून पाण्याला टेकलेली, खाली काळोख. त्या काळोखात इथले मूळचे ट्राउट राहायचे. हंगामाच्या तोंडावर सरकारी ट्रकमधून आणून सोडतात ते नव्हेत. पोट नारिंगी, परांना पांढरी किनार. वर्ना एखादा धरायची, ओल्या हाताने घटकाभर बघायची आणि सोडून द्यायची. ती मला एकदा म्हणाली होती, हा डोह आहे तोवर मी म्हातारी नाही.

एप्रिलमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात जिना उभा, म्हणून ती महिनाभर लँकेस्टरला बहिणीकडे राहिली. आणि लॉइड घरी एकटा. आवरायला घर होतं, पण पसरणारी नव्हती. मग त्याची नजर परसाच्या पलीकडे गेली.

बायको परत येईल, काठी टेकत येईल, उतारावर तिचा पाय अडकेल. असा विचार केला त्याने, आणि चांगलाच केला. त्याने पायवाट केली. टेकून बसायला ओक लाकडाचा बाक केला. इथे थांबला असता तर ही गोष्ट मी लिहिलीच नसती. पण बाकावर बसल्यावर त्याला समोर ते कुजकं झाड दिसलं, ती अस्ताव्यस्त झुडपं दिसली, पाण्यातला शेवाळी पाला दिसला. त्याने करवतीचं मशीन आणलं. झाडाचे तुकडे करून दोर लावून बाहेर ओढले. झुडपं मुळापासून काढली. पाण्यातला पाला दाताळ्याने ओढून काढला आणि काठावरचं गवत पाण्याला भिडेपर्यंत कापून टाकलं. मे महिन्यात वर्ना आली तेव्हा डोह लख्ख होता. तळाचा खडा न् खडा दिसत होता.

लॉइडने तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि कसं काय, म्हणून विचारलं. वर्नाने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तळहातांवर फोड आले होते. किती कष्ट घेतलेस रे, एवढंच ती म्हणाली.

मे महिना म्हणजे आमच्याकडे खऱ्या, उडत्या माशांचा सुकाळ. संध्याकाळ झाली की पाण्यातून माशांचे ढग उठतात आणि ट्राउट वेड्यासारखे उसळतात. वर्ना रोज बाकापाशी उभी राहून दोर फेकायची. पाणी हलायचं नाही. माशाही तुरळक झाल्या होत्या. ती घरी आली की लॉइड विचारायचा, आणि ती कधी म्हणायची वारा होता, कधी म्हणायची माझाच हात बिघडलाय. मग तिने टेबलावर माशा बांधणं थांबवलं. टेबल स्वच्छ राहू लागलं. लॉइडला वाटलं, ऑपरेशननंतरचा थकवा असेल.

जूनची सफाई जवळ आली. लॉइड आता पेटला होता. त्याने आमच्या नदी-मंडळाचा अध्यक्ष क्लेटन ह्याला डोह नेऊन दाखवला. क्लेटन भला माणूस, दूधवाला शेतकरी. कुणी ठासून काही सांगितलं की मान डोलवतो. ठरलं की ह्या वर्षी नुसता कचरा काढायचा नाही. पार पुलापर्यंत नदी ह्या डोहासारखी करायची. पडकी झाडं बाहेर, झुडपं साफ. करवती घेऊन या, असा निरोप चर्चमध्येही वाचून दाखवला गेला.

तो निरोप ऐकून वर्ना घरी आली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"लॉइड, बस जरा. कपडा ठेव तो."

तो ओटा पुसत होता. तिचा आवाज ऐकून बसला.

"डोहात मासे नाहीत. मी आल्यापासून एकही नाही."

"येतील की. आता किती स्वच्छ झालाय."

"म्हणूनच गेले," वर्ना म्हणाली. "त्या झाडाखाली त्यांचं घर होतं. झुडपांच्या सावलीने पाणी गार राहायचं, त्यांना गारच पाणी लागतं. त्या कुजक्या पाल्यात उडत्या माशांची पिल्लं वाढायची, तीच ह्यांची भाकरी. तू घर उपसून टाकलंस, छप्पर काढलंस आणि कोठारही रिकामं केलंस. मग ते राहतील कशाला?"

लॉइडचा चेहरा पडला, मग लाल झाला. "ही नदी मी साफ केली. सगळं गाव नाकाला रुमाल लावून बघत होतं तेव्हा मी टायर काढत होतो. आणि मी हे तुझ्यासाठी केलं, वर्ना."

"माहीत आहे मला. म्हणून तर इतके दिवस जीभ चावून गप्प बसले. माझा एकटीचा डोह गेला असता तर पुढेही बोलले नसते. तुझे हात बघितले होते मी. पण शनिवारच्या सफाईत अख्खी नदी जायची आहे रे."

"सांगायचं तरी होतंस आधी."

"सांगायला हवं होतं. ती माझी चूक."

 लॉइडने उठून, आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बाकावर जाऊन बसला. वर्नाला खोटं पाडायला गेलो होतो, असं त्याने नंतर मला सांगितलं. कुठेतरी एखादा मासा असणारच, तो दाखवतो तिला. आणि खरंच एक होता. वीतभर लांबीचा, बहुधा वरून वाहत आलेला. पण त्याच्याआधी तिथे मोठा निळा बगळा येऊन उभा होता.

मासा ह्या काठाकडे धावला. काठ उघडा. त्या काठाकडे धावला. तोही उघडा. मध्ये आला तर वर ऊन आणि खाली पांढरे खडे, त्यावर त्याची सावलीसुद्धा स्पष्ट दिसत होती. एवढ्या मोठ्या डोहात त्याला तोंड लपवायला एक फांदी नव्हती. बगळ्याला घाई नव्हती. तो सावकाश एक पाऊल पुढे यायचा आणि मासा पुन्हा उलटा धावायचा.

"अरे पळ! पळ ना बाबा!" लॉइड ओरडला. त्याने टोपी फेकून मारली. ती अर्ध्यावरच पाण्यात पडली. बगळ्याने मान खाली घातली, वर केली, आणि उडून गेला.

जन्मभर ज्याने प्रत्येक हातोडीला तिची जागा दिली, त्याने एका जिवाची जागा स्वतःच्या हाताने पुसली होती. हे तेव्हा त्याला उमगलं. घरी येऊन तो वर्नाला फक्त एवढंच म्हणाला, की मी काय करून बसलो गं. वर्नाने त्याला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत मी लॉइडला रडताना बघितलं नव्हतं आणि त्याही दिवशी बघितलं नाही. पण वर्ना सांगते, आणि वर्ना खोटं बोलत नाही.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे सफाईआधीची न्याहारी होती. पॅनकेक, डुकराच्या मांसाच्या तळलेल्या स्क्रॅपल वड्या, कॉफीचे मोठे थर्मास. भिंतीला करवती टेकवून ठेवलेल्या. क्लेटनने लॉइडला बोलायला उभं केलं. लॉइडला भाषणं येत नाहीत, आणि आज तर चुकीची कबुली द्यायची होती, तीही आपल्यालाच मानणाऱ्या लोकांपुढे. त्याने टोपी काढून हातात धरली.

"करवती गाडीत परत ठेवा," तो म्हणाला. "मी माझ्या बायकोच्या डोहाची वाट लावली. तिला चालत जाता येईल असा तो एकच डोह होता. मला वाटलं, मी साफ करतोय."

 मग त्याने बगळ्याचं सगळं सांगितलं, टोपीसकट. मागून कुणीतरी कुरकुरलं, की मग महिनाभर आम्हाला शिकवत होतास त्याचं काय? लॉइड म्हणाला, ते चुकीचं शिकवलं, विसरा. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर कुरकुरणारा उठून आपली करवत गाडीत ठेवायला गेला. वर्ना पहिल्या रांगेत बसली होती. तिने पॅनकेकवर पाक ओतला आणि ओततच राहिली.

त्या दिवशी आम्ही टायर काढले, बाटल्या काढल्या, फांद्यांत अडकलेली गळाच्या दोराची गुंतवळ काढली. ती टाकणारे आम्हीच मासे धरणारे, हेही लाजेने कबूल करतो. पडलेल्या झाडांना कुणी हात लावला नाही. पुढे सरकारी परवानगीचे सोपस्कार क्लेटनने पुरे केले आणि शरद ऋतूत आपल्या ट्रॅक्टरने एक उन्मळलेला हेमलॉक, मुळांसकट, ब्रुबेकरांच्या डोहात आडवा आणून ठेवला. एक फांदी वेडीवाकडी वर आली होती. लॉइडचा हात खिशातल्या छोट्या करवतीकडे गेलेला मी बघितला. वर्नानेही बघितला. तिने नुसती भुवई उचलली आणि हात खिशातून रिकामा बाहेर आला. काठावर त्याने स्वतः झुडपं लावली, तीही वेड्यावाकड्या रांगेत, आणि त्या रांगेचा त्याला किती त्रास झाला हे फक्त आम्हाला ठाऊक.

मासे लगेच आले नाहीत. पुढचा मे गेला. वर्नाने दोर फेकला, काही नाही. तिचं वय वाढत होतं आणि नदीला काही घाई नव्हती. लॉइड रोज तिच्याबरोबर बाकावर बसायचा. त्याच्या पुढच्या मे महिन्यात, एका संध्याकाळी, माशा उठल्या. गुडघाभर गवतात दोघं बसलेले, मी कुंपणापाशी. झाडाच्या सावलीत पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. मग शेजारी दुसरं.

लॉइडने तिचा हात दाबला. "टाक ना. टाक लवकर."

वर्नाने गळाची काठी गवतात ठेवून दिली.

"नको. आज त्यांना जेवू दे," ती म्हणाली, आणि दोघं अंधार पडेपर्यंत ती वर्तुळं बघत बसले.

मंडळी, स्वच्छतेची आवड असणं चांगलंच. पण आपल्या डोळ्यांना नीटनेटकं दिसतं ते सगळ्यांना राहण्याजोगं असतंच असं नाही. नदी हा आपला दिवाणखाना नव्हे. तिथे आपल्याआधीपासून राहणारे आहेत, आणि त्यांच्या घराला आपण पसारा म्हणतो. प्रेमाने केलेली चूकही चूकच असते. मात्र प्रेम असेल तर माणूस ती कबूल करायला उभा राहू शकतो, हे आम्ही लॉइडकडून शिकलो. तो अजूनही दर जूनमध्ये सफाईला पुढे असतो. नवा कुणी पाण्यात उतरून काही ओढू लागला की लॉइड त्याला थांबवून एवढंच विचारतो, "हे आपण टाकलं होतं का? टाकलं असेल तर उचल. नसेल तर ते तुझं नाही."