तीन हजार म्हणजे तीन हजार काय?

मित्रांनो, दोन हजार सहा साली माझं मरण ठरलं होतं, आणि तेही मी ठणठणीत असताना!

मी एक जुनी झडप आहे. पंपघरातल्या जाड नळावर बसलेली, ओतीव लोखंडाची. पंप थांबला की मी मिटायचं, म्हणजे टेकडीवरच्या टाकीतलं पाणी मागे फिरत नाही. मी सावकाश मिटते. धाडकन मिटले तर नळ हादरतो, सांधे उखडतात. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हिला घाई नाही, म्हणून ही टिकेल."

पुढे मला मोटर लागली आणि संगणक माझ्याशी बोलू लागला. आमच्यामधल्या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो मला 'मीट' म्हणतो आणि माझ्या उत्तराची ठरावीक वेळ वाट पाहतो. या मुदतीचं नाव टाइमआउट. मुदतीत उत्तर आलं नाही, तर झडप बिघडली असं समजून तो लाल दिवा लावतो आणि पंप बंद ठेवतो. आमच्या इंजिनिअरने हा ड्रायव्हर लिहिला आणि मुदत घातली, ३०००. नुसती संख्या. तरी वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मला वेळेवर तेल मिळे, रंग मिळे. पाहुणे आले की कौतुक होई, "एकदाही चुकली नाही हो!"

इंजिनिअर निवृत्त झाले. त्यांची मुलगी त्याच कामावर लागली. मग संगणकाचा नवा बोर्ड आला, ड्रायव्हर जुनाच राहिला, आणि पहिल्याच दिवशी लाल दिवा लागला. पंप अडला. घरोघरचे नळ कोरडे पडले.

मुख्य साहेब म्हणजे मुलीचे सख्खे मामा. ते म्हणाले, "म्हातारी गेली. भंगारवाल्याला बोलवा." त्या दिवशी मला कुणी तेलाचा थेंबही दिला नाही.

मुलगी मात्र माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. "मामा, दिवा आधी लागतो, ही नंतर मिटते. पण मिटते पूर्ण!"

"वरातीमागून घोडं. काय उपयोग?"

"घोडं वेळेवरच आहे. वरातच लवकर निघत असेल."

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, हे तीन हजार म्हणजे तीन हजार काय?"

"तीन हजार म्हणजे तीन हजार! सगळ्यांना माहीत होतं."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "बोर्डाच्या घड्याळाचे ठोके गं. सेकंदाला शंभर."

"नव्याचे सेकंदाला हजार पडतात, बाबा."

"अरे देवा! म्हणजे तिला तीसऐवजी तीनच सेकंद? तेवढ्यात मीसुद्धा खुर्चीतून उठत नाही!"

मामा खूश झाले. "मग एक शून्य वाढव आणि मोकळी हो. टेम्पो दारात उभा आहे."

"नाही. पुढे बोर्ड बदलला की पुन्हा हाच टेम्पो. मामा, 'बाजारातून पाच आणा' म्हटलं तर काय आणाल? पाच किलो की पाच डझन?"

"तुझी मामी म्हणाली तर दोन्ही!"

ती हसली, पण हटली नाही. तिने मुदतीच्या नावातच 'सेकंद' घातलं आणि पुढे तीस लिहिले. ठोक्यांचा हिशेब त्या त्या घड्याळावरून प्रोग्रॅमनेच करायचा. मग ड्रायव्हरमधली प्रत्येक उघडीबोडकी संख्या शोधून तिला एकक लावलं. बाहेर भंगारवाला हॉर्न बडवत होता. मामा ओरडले, "त्याला चहा पाजा रे!"

शेवटी 'मीट' असा हुकूम आला. सगळे दिव्याकडे बघत होते. मी घाई केली नाही, मित्रांनो. जिवावर बेतलं तरी माझी चाल तीच. पूर्ण मिटले, आणि हिरवा दिवा लागला.

भंगारवाला एक मोडकी शिडी घेऊन गेला. पुढे त्याने दुकान थाटलं. मामा निवृत्त झाले. बाजारात जाण्याआधी ते मामीला विचारतात, "किलो की डझन?" बाबा शेवटपर्यंत औषधाच्या बाटल्यांवर 'चमचे' की 'थेंब' ते ठसठशीत लिहीत. मुलीच्या केसांत आता चांदी आली आहे. ती दुसऱ्या शहरातली पंपघरं सांभाळते.

कुणाला वाट पाहायला सांगाल, तेव्हा किती ते सांगा आणि कशात मोजायचं तेही सांगा. तुमच्या मनातलं एकक तुमच्यामागे कुणाला कळणार?

हल्ली माझे सांधे धरतात, मिटायला जास्त वेळ लागतो. परवा एका नव्या माणसाने ड्रायव्हर उघडला, मुदत वाचली, तीसचे चाळीस केले आणि जेवायला गेला. त्याला कुणालाही फोन करावा लागला नाही.